डब्यातले रशियन बिल्ले

नागपूर
१२ जानेवारी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. आवरताना भिलाईचे रशियन बिल्ले सापडले, हलकं अ‍ॅल्युमिनियमच आहे, भंगारात घालू का, असं विचारलंयस. अजिबात घालू नकोस. डबा समोर घेऊन बस आणि मग पुढचं वाच.

आधी एक बिल्ला उलटा कर. टाचणीशेजारी कारखान्याची बारीक खूण दिसेल. बऱ्याच बिल्ल्यांवर एक रशियन अक्षर, एक आकडा आणि ‘क’सुद्धा असेल. तो आकडा आपण बिल्ल्याची पायरी समजायचो. पंधराचा एक द्यायचा तर दहाचे दोन मागायचो, आठवतं? ती किंमत आहे रे. पंधरा कोपेक. शंभर कोपेकचा एक रूबल. भाव सरकार ठरवायचं, त्यामुळे तो थेट धातूतच ठोकता यायचा. इतक्या स्वस्तात तिथलं शाळकरी पोरही खाऊच्या पैशातून संग्रह करू शकायचं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

रशियनमध्ये बिल्ल्याला ‘झ्नाचोक’ म्हणतात, म्हणजे छोटीशी खूण. क्रांतीनंतर ते पक्षाचे, संघटनांचे होते. १९३१ पासून धावणं, पोहणं अशा कसोट्या पार करणाऱ्यांना ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’ हा बिल्ला मिळू लागला. तो कमवावा लागे. छंद म्हणून बिल्ले जमवण्याची लाट आली ती १९५७च्या उन्हाळ्यात. मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव भरला, परदेशातून सुमारे ३४ हजार तरुण आले. त्याआधी कित्येक वर्षं परक्या माणसाशी बोलायची चोरी होती. आता तो समोर उभा, पण भाषा येत नाही. मग आपल्या छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या छातीवर लावायचा, त्याचा आपण घ्यायचा. चार वर्षांनी गागारिन अंतराळात गेला आणि यानांचे, उपग्रहांचे बिल्ले ढिगाने निघू लागले. पुढे शहरं, कारखाने, वर्धापनदिन, कशाचेही निघाले.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी आपल्या कॉलनीत येणारे रशियन इंजिनियर हीच सवय खिशात घेऊन आले होते. तुझ्या बाबांच्या खात्यातले ते उंच काका हिंदीत ‘नमस्ते’ एवढंच म्हणायचे आणि मूठ उघडायचे.

आता डब्यातले जड बिल्ले वेगळे काढ. दोन-चार तरी असतील. हाताला गार लागतात, रंगावरून नख घसरतं. ते खरे मीनाकाम केलेले. पितळेसारख्या धातूच्या खळग्यांत काचेची रंगीत पूड भरून भट्टीत वितळवायची, मग घासून सपाट करायची. तो रंग सहसा विटत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर नुसता लाखेसारखा रंग असतो, म्हणून त्यांना चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नकोस. कोरड्या मऊ फडक्याने पूस. रशियात घरोघरी कापडाच्या पट्टीवर टोचून भिंतीला टांगायचे, तसं केलंस तर उत्तम.

कुरळ्या केसांच्या बाळाची लाल चांदणी दिसली का? ते बाळ म्हणजे लहानपणीचा लेनिन. सात ते नऊ वर्षांची मुलं ती शाळेत लावायची. त्या काकांनी आपल्याला दिलेली चांदणी त्यांच्या स्वतःच्या मुलाची तर नसेल? हल्ली हे वारंवार मनात येतं. तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि एक शोध. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझमधून गेले, त्या भारत-सोव्हिएत उड्डाणाचा बिल्ला. चौथीत पतंगाच्या मांज्याच्या बदल्यात मी तो तुला दिला होता. सापडला तर पाठीमागचा फोटो काढून पाठव, कारखान्याची खूण नीट दिसेल असा. परत नको मला, तुझ्याकडेच राहू दे. फक्त किती कोपेकचा होता ते बघायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सतीश