बांधावर माल घेणारा कायद्याने कोण?

मा. संपादक,
स.न.

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला आहे. आता व्यापारी मण्यांची गोडी बघत बागांतून फिरू लागतील, म्हणून आजच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने माझा माल जागेवर घेतला. किलोला 38 रुपये ठरले. पहिल्या गाडीचे पैसे रोख मिळाले, पुढच्या तीन गाड्यांचे "उद्या टाकतो" म्हणाला. चौथी गाडी गेली त्या रात्रीपासून त्याचा फोन बंद. माझ्याकडे उरलं काय, तर पेटीच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेली वजनं आणि न वटलेला चेक. पोलिस ठाण्यात सांगितलं, "हा दिवाणी वाद आहे." बाजार समितीत सांगितलं, "सौदा आवारात झाला नाही, त्याच्याकडे आमचा परवानाही नाही."

समितीचं बोलणं तेव्हा मला उडवाउडवीचं वाटलं. पुढे कायदा वाचला आणि कळलं, ते खरं होतं. राज्याच्या 1963च्या पणन कायद्यात शेतकरी कोण, व्यापारी कोण, आडत्या कोण, हे नीट लिहिलेलं आहे. व्यापारी किंवा दलाल असलेल्या माणसाची स्वतःची शेती असली तरी त्याला शेतकरी धरायचं नाही, इतका बारीक विचार त्यात आहे. पण 2016 साली आवाराबाहेरची फळं-भाजीपाला खरेदी नियमनमुक्त झाली. जागेवर विकायची मोकळीक मिळाली, ती मला हवीच आहे. मात्र बांधावर खरेदी करणारा परवान्याच्या चौकटीतूनच बाहेर पडला. केंद्राच्या 2020च्या कायद्यात आवाराबाहेरच्या खरेदीचे पैसे त्याच दिवशी, फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यायचं बंधन होतं. पण तिथेही व्यापारी व्हायला पॅन कार्ड पुरत होतं, आणि 2021मध्ये तो कायदाच मागे घेतला गेला.

आमचीच द्राक्षं युरोपात जातात. युरोपीय संघाच्या 2019च्या निर्देशात, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या नियमात, काढणीनंतर 30 दिवसांत विक्रीलायक राहत नाही तो माल नाशवंत, अशी व्याख्या आहे आणि त्याचे पैसे 30 दिवसांच्या आत देणं बंधनकारक आहे. तो कुणाला लागू होतो याला उलाढालीच्या मर्यादा आहेत, पण विकणारा कुठल्या देशाचा, हे तो निर्देश पाहत नाही. म्हणजे परदेशी खरेदीदारापुढे आमच्याकडच्या निर्यातदाराला जो आधार आहे, तो मला माझ्याच बांधावर नाही.

व्यापारी कोण, हे जागेवरून नव्हे, व्यवहारावरून ठरवा. विक्रीसाठी शेतमाल घेणारा प्रत्येक जण व्यापारी, मग तो आवारात घेवो वा शिवारात. त्याची नोंदणी करा, बँक हमी घ्या. भाव, वजन आणि पैसे द्यायची तारीख लिहिलेली सौदापावती शेतकऱ्याच्या हातात पडल्याशिवाय बागेतून गाडी हलता कामा नये.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक