ही खोगीरभरती नव्हती

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर आलेला लेख आवडला. पण त्यात भिंतीवर पहारा रोमच्या लीजनचा, म्हणजे रोमन नागरिकांच्या मुख्य पलटणींचा, आणि त्यांच्या हाताखाली ‘काही मदतनीस सैनिक’, असे जे चित्र उभे केले आहे, ते उलटे आहे. मदतनीस म्हटले की पाणी भरणारा, तंबूच्या खुंट्या ठोकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. लॅटिनमध्ये ज्यांना ‘ऑक्झिलिया’ म्हणत, त्या बहुतांशी रोमन नागरिक नसलेल्या लोकांच्या पलटणी म्हणजे अशी खोगीरभरती नव्हती.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. लष्करी भांडारात एकतीस वर्षे खातेवह्या लिहिल्या, एवढाच अधिकार. त्यामुळे लढायांपेक्षा हजेरीपत्रके मला जवळची वाटतात.

आधी भिंतीचे. रोमन राज्याच्या उत्तर सरहद्दीवर, सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२२ मध्ये काम सुरू झाले. सुमारे ११७ किलोमीटर लांबीची ती भिंत मुख्यतः दुसऱ्या, सहाव्या आणि विसाव्या लीजनने बांधली. बांधून झाल्यावर लीजन मागे आपापल्या तळांवर गेल्या, कार्लियन, यॉर्क आणि चेस्टरला. भिंतीवरच्या किल्ल्यांत राहिले ते ऑक्झिलिया. चेस्टर्सला (हे चेस्टर नव्हे) स्पेनमधल्या अस्तुरियन लोकांचा रिसाला, हाउसस्टेड्सला आजच्या बेल्जियमकडचे तुंग्रियन, कार्व्होरानला थेट सीरियातल्या हमाचे तिरंदाज, बर्डोस्वाल्डला डेशियन, म्हणजे आजच्या रुमानियातले. सगळे एकाच वेळी नव्हेत, काळ मागेपुढे. पण बर्डोस्वाल्डच्या एका शिलालेखावर डेशियनांनी आपली वाकडी तलवार कोरून ठेवली आहे. घरापासून इतक्या लांब येऊनही हत्याराची ओळख सोडवली नाही.

रचना अगदी हिशेबी. पायदळाची पलटण म्हणजे कोहॉर्ट. ‘पाचशे’ची असेल तर ८० जणांच्या सहा तुकड्या, म्हणजे ४८०. ‘हजारी’ असेल तर दहा तुकड्या, म्हणजे ८००. (हजारीत हजार नाहीत, हे वाचून मला अजिबात नवल वाटले नाही.) काही कोहॉर्टमध्ये पायदळाबरोबर घोडेस्वारही असत. निव्वळ घोडेस्वारांच्या पलटणीला ‘आला’ म्हणत. मराठीत लिहिताना पंचाईत होते, ‘आला आली’ म्हणावे लागते. मूळ अर्थ पंख, कारण रणांगणात ती बाजूंना उभी राहायची. आलामध्ये सुमारे तीस-तीस स्वारांच्या सोळा तुकड्या, प्रत्येकीवर एक डेक्युरियन. पलटणीचा प्रमुख बहुधा प्रीफेक्ट असे.

आता माझ्या आवडीचा कागद. खरे तर लाकूड. भिंतीच्या जरा दक्षिणेला व्हिंडोलांडा नावाचा किल्ला आहे. तो भिंतीच्याही आधीचा. १९७३ पासून तिथल्या ओल्या मातीत पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आहेत, शाईने लिहिलेल्या. त्यांतली एक म्हणजे पहिल्या तुंग्रियन कोहॉर्टचे १८ मेचे हजेरीपत्रक, इ. स. ९० च्या आसपासचे. पटावर ७५२. त्यातले ४५६ बाहेर: ४६ जण गव्हर्नरच्या पहाऱ्याला, ३३७ कोरिया नावाच्या ठाण्यावर, बाकीचे इकडेतिकडे. एक सेंच्युरियन, म्हणजे ८० जणांच्या तुकडीचा प्रमुख, लंडनला. किल्ल्यात उरले २९६. त्यात आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. मी पेन्सिल घेऊन बेरीज केली: ३१, बरोबर. कामावर उभे राहू शकतील असे २६५. सहा सेंच्युरियनपैकी जागेवर एकच! सरहद्द म्हणजे भिंतीवर खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली रांग, असे ज्यांना वाटते त्यांनी हा तक्ता एकदा पाहावाच. आणि डोळे आलेल्यांचा रकाना वेगळा ठेवणाऱ्या त्या कारकुनाला माझा नमस्कार.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही लिहायला हवे. त्यात भिंतीवरचा प्रत्येक शिपाई पोलादी पट्ट्यांच्या चिलखतात आहे आणि हातात वळवलेली चौकोनी ढाल. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर हा वेष लीजनच्या शिपायांचा आहे. ऑक्झिलियाचा शिपाई तिथे कड्या गुंफलेल्या चिलखतात आणि सपाट लंबगोल ढालीसह दिसतो. स्तंभ कोरणाऱ्यांनी ओळख पटावी म्हणून भेद जरा ठळक केला असेल. पट्ट्यांच्या चिलखताचे तुकडे ऑक्झिलियाच्या किल्ल्यांतही मिळाले आहेत, तेव्हा चिलखतावरून मी भांडत नाही. ढालीवरून मात्र भांडतो. स्वारांकडे भाले आणि ‘स्पाथा’ ही लांब तलवार. रिकीब नव्हतीच. खोगिराला चार कोपऱ्यांवर चार शिंगे असत, त्यांत मांड्या रोवून स्वार घट्ट बसे.

हत्यारांचा हिशेब कसा चाले, याचीही एक पट्टी कार्लाइलला मिळाली आहे. डोसिलिस नावाचा डेक्युरियन प्रीफेक्ट ऑगुरिनसला कळवतो की, हुकमाप्रमाणे, ज्यांच्याकडे भाले नाहीत अशा स्वारांची नावे पाठवली आहेत. लढाईचा भाला नसलेले वेगळे, लहान भाल्यांची जोडी नसलेले वेगळे, तलवारी नसलेले वेगळे. पुढे नावे. एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही तुटीची यादी वाचताना मला आमची वार्षिक तपासणी आठवली. वस्तू हरवतात, माणसे तीच कारणे देतात, आणि वरून पत्र येते.

‘मदतनीस’ या शब्दाला शेवटचा आक्षेप लढाईतला. इ. स. ८३ च्या सुमारास कॅलेडोनियात, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमध्ये, मॉन्स ग्राउपियसला ब्रिटनचा रोमन गव्हर्नर अग्रिकोला याने ८,००० ऑक्झिलिया पायदळ मधोमध आणि ३,००० घोडदळ बाजूंना उभे केले. लीजन मागे, छावणीच्या तटापुढे. पहिली मुसंडी बटावियन आणि तुंग्रियन कोहॉर्टनी मारली. लीजनना तलवार उपसावीच लागली नाही. हे सारे अग्रिकोलाचा जावई, इतिहासकार टॅसिटसनेच लिहून ठेवले आहे, आणि रोमन रक्त न सांडता मिळालेल्या विजयाची शान मोठी, असा हिशेबही त्याने मांडला आहे. मरणारे रोमन नव्हते, हा त्यातला मथितार्थ.

बहुतेकांना रोमन नागरिकत्व मिळायचे ते पंचवीस वर्षे चाकरी केल्यावर. पुरावा म्हणून तारेने बांधलेल्या ब्राँझच्या दोन पट्ट्या, त्यावर सात साक्षीदारांच्या मोहरा. मुलांनाही नागरिकत्व मिळे, पण १४० च्या सुमारास ती सवलत आखडती घेतली गेली. नियम मधेच बदलला की ज्याची नोकरी अर्धी झाली आहे त्याचे काय होते, हे मी सांगायला नको.

व्हिंडोलांडाच्या एका पट्टीत मास्क्लस नावाचा डेक्युरियन आपल्या बटावियन प्रीफेक्टला चक्क ‘राजा’ म्हणून संबोधतो, उद्या काय करायचे ते विचारतो, आणि शेवटी लिहितो की जवानांकडची बिअर संपली आहे, पाठवायची व्यवस्था व्हावी. पुढच्या रविवारी चूक दुरुस्त करताना ‘मदतनीस’ऐवजी ‘ऑक्झिलिया’ छापा, आणि चित्रकाराला तेवढी लंबगोल ढाल काढायला सांगा.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल