नांदूर मध्यमेश्वरची पायवाट सपाट आहे, ती मातीचीच राहू द्या

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, लहान बेटे आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली, आणि तिथे पक्षी उतरू लागले. २०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरले, याचा आम्हां नाशिककरांना मनापासून अभिमान आहे. मला मात्र चापडगावच्या बाजूने झाडीतून पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटेविषयी लिहायचे आहे.

आपल्या राज्यात निसर्ग पाहायला निघायचे म्हणजे बहुतेक वेळा गड किंवा घाट चढायचा असतो, आणि ज्यांना गुडघे साथ देत नाहीत त्यांनी खालीच थांबायचे, हे आपण गृहीत धरले आहे. ही वाट सपाट आहे. गेल्या थंडीत माझी शहात्तर वर्षांची आई काठी टेकत, बाभळींच्या सावलीत थांबत थांबत पाण्यापर्यंत आली. समोर एक जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोवळा कोंब उपटून, माणसाने ऊस धरावा तसा पायात धरून सोलत होती. आई बराच वेळ तिथून हलली नाही. दूरवर चक्रवाक आणि थापट्या बदकांचे थवे होते, पण घरी परतल्यावर तिने सांगितले ते त्या कोंबडीचेच.

म्हणून विनंती अशी, की सुशोभीकरणाच्या नावाखाली या वाटेवर कधीही काँक्रीट किंवा फरशी येऊ नये. मुरूम दाबून ती चाकाच्या खुर्चीलाही चालेल इतकी सारखी करावी, आणि ठरावीक अंतरावर पाठ टेकता येईल अशी बाके ठेवावीत. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत त्यांच्यासाठी, बसल्या जागी दुर्बीण लावता येईल अशा बेताची जमिनीलगतची लपणी, म्हणजे पक्ष्यांना न बुजवता पाहण्याचे आडोसे, कुडाची आणि गवताची बांधावीत. वाहने पाण्यापासून लांबच थांबावीत, कारण एका हॉर्नने अख्खा थवा उठतो. पक्षी नावानिशी ओळखणारी गावातलीच तरुण मुले या भागात वाटाड्याचे काम करतात. लपण्यांच्या जागा त्यांना विचारून ठरवल्या तर चुकणार नाहीत.

हिवाळी पाहुणे उतरण्याआधी, पावसाळा सरताच हे काम हाती घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक नाशिककर