गिझरवर २००० वॅटची पट्टी, आत १५०० चं एलिमेंट : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

नाशिक, १२ जानेवारी २०२६

विषय : छापलेल्या शक्तीपेक्षा कमी शक्तीचा गिझर दिल्याबाबत व चुकीच्या जॉब कार्डाबाबत

महोदय,

दिवाळीत तुमच्या कंपनीचा १५ लिटरचा स्टोरेज गिझर घेतला. खोक्यावर, वॉरंटी कार्डावर आणि टाकीला चिकटवलेल्या पट्टीवर, तिन्ही ठिकाणी २००० वॅट, २३० व्होल्ट असंच छापलेलं आहे. घरात सकाळी एकापाठोपाठ एक आंघोळी होतात, म्हणून हा आकडा बघूनच घेतला. त्यासाठी बाथरूमपर्यंत अडीच चौरस एमएमच्या वायरीची वेगळी लाईन ओढून घेतली, तो खर्च निराळा.

थंडी पडली तसा पाणी तापायला अर्धा तास लागू लागला. तुमचा टेक्निशियन आला, टेस्टर लावून बघितला, नळाखाली हात धरला आणि जॉब कार्डावर ‘प्रॉडक्ट ओके, व्होल्टेज लो’ असं लिहून गेला. एकही मोजमाप न घेता. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवते. न मोजता शेरा मारणाऱ्या मुलाला मी प्रॅक्टिकलला पास करत नाही.

म्हणून मीच मोजलं. गिझर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज भरलं २२६. फेजच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती चिमटा धरून करंट मोजणारा) लावला तर करंट ६.१ अँपिअर. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी तार, हा निव्वळ रोधाचा भार, त्यामुळे मोटरसारखा पॉवर फॅक्टर धरून गुणाकार कमी करायचा प्रश्न येत नाही, व्होल्टेज आणि करंटचा सरळ गुणाकार करायचा : २२६ गुणिले ६.१ म्हणजे सुमारे १३७९ वॅट. आणि व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, ३७ ओहम. २३० व्होल्टला २००० वॅट देणाऱ्या एलिमेंटचा रोध २६.४५ ओहम असायला हवा (२३० चा वर्ग भागिले २०००), आणि त्याने ८.७ अँपिअर घ्यायला हवेत. १५०० वॅटच्या एलिमेंटचा रोध येतो ३५.३ ओहम. माझ्या गिझरमधलं एलिमेंट कोणाच्या जवळ आहे हे तुम्हीच बघा.

व्होल्टेज कमी असल्याचं कारण इथे टिकत नाही. रोध तोच असेल तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २६.४५ ओहमचं एलिमेंट २२६ व्होल्टवर १९३१ वॅट देईल. ते १३७९ पर्यंत खाली यायचं तर व्होल्टेज १९१ पर्यंत पडलेलं हवं, आणि तेवढं पडलं असतं तर घरातला फ्रीज आधी कुरकुरला असता. तारेचा रोध तापल्यावर वाढतो, असं फोनवर तुमच्या बाईंनी सांगितलं. वाढतो, पण एलिमेंटच्या निक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा फार थोडा. एमसीबी पाडून (वीज तोडून), वायरी सोडवून, थंड एलिमेंट मल्टिमीटरने मोजलं तेव्हा ३६.६ ओहम आलं. थंड आणि गरम यात अर्ध्या ओहमचाही फरक नाही.

माझ्या मीटरवर शंका असेल तर वीजमंडळाचं मीटर घ्या. त्यावर ३२०० ब्लिंकला एक युनिट असं छापलेलं आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर ठेवला तर लाल दिवा मिनिटाला ७३ वेळा लुकलुकला. हिशेबाने १३७० वॅटच्या आसपास येतं. गिझर खरंच २००० वॅटचा असता तर शंभराच्या वर लुकलुक झाली असती.

याच बाईंनी मग असंही सांगितलं की वॅट कमी म्हणजे बिल कमी येईल. हे तर कोणत्याही ग्राहकाला सांगू नका, कृपा करा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतंच, एलिमेंट कोणतंही असो. शक्ती कमी असेल तर फक्त वेळ वाढतो : २२ मिनिटांऐवजी ३०. सकाळच्या घाईत तोच वेळ आम्ही मोजून खर्चतो, आणि त्याचेच पैसे तुम्ही जास्त घेतलेत, कारण तुमच्याच यादीत १५०० वॅटचं मॉडेल स्वस्त आहे.

पट्टीवर आयएसआयचा मार्क आहे. आयएस ३०२ या घरगुती विद्युत उपकरणांच्या भारतीय मानकात २०० वॅटच्या वरच्या तापवणाऱ्या उपकरणाला शक्तीत खाली १० टक्क्यांपर्यंतच सूट आहे, म्हणजे २३० व्होल्टला किमान १८०० वॅट. माझा रोध धरून २३० ला हिशेब केला तरी १४२८ येतात.

माझं म्हणणं एवढंच : २००० वॅटचा दुसरा गिझर द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. येणाऱ्या माणसाच्या हातात क्लॅम्प मीटर असू द्या, आणि व्होल्टेज, करंट व रोध हे तिन्ही आकडे माझ्यासमोर जॉब कार्डावर लिहा. आधीचा ‘व्होल्टेज लो’ हा शेरा लेखी रद्द करा. याच बॅचचे बाकीचे गिझरही तपासा. सगळ्यांच्या घरी क्लॅम्प मीटर नसतो आणि ते लोक वीजमंडळाला दोष देत बसले असतील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर भारतीय मानक ब्यूरोकडे आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

सोबत बिल, जॉब कार्ड, पट्टीचा फोटो आणि दोन्ही मीटरच्या रीडिंगचे फोटो जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक