कोपरावरची पट्टी

हॅमिल्टन, न्यूझीलंड
८ जून २०२५

ति. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितेय. ग्रुपवरचा फोटो दादाने झूम करून सगळ्यांना दाखवायची काही गरज नव्हती. कोपरावर आहे ती साधी पट्टी. खरचटलंय. यवतेश्वरच्या घाटात बाबांच्या सायकलवरून पडले होते तेव्हा याच्या चौपट लागलं होतं, आणि तू हळद दाबून शाळेत पिटाळलं होतंस.

सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती, म्हणून लॅबमधल्या दोघींबरोबर रोटोरुआला गेले. गावात शिरतानाच गंधकाचा, नासक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथल्या फाकारेवारेवाच्या जंगलात सायकलींसाठी वाटा काढल्यात, दीडशे किलोमीटरच्या वर. बाबा, तुम्हाला आवडेल असं म्हणजे तिथे कॅलिफोर्नियाचे रेडवूड आहेत, १९०१ साली लावलेले. एका बुंध्याला आम्ही तिघींनी कवेत घ्यायचा प्रयत्न केला, हात पुरले नाहीत.

वाटांना शाळेसारख्या इयत्ता असतात, पहिली ते सहावी. आम्ही दुसरीची धरली होती. सायकल भाड्याची, पण भारी. हँडलवरची कळ दाबून सीटवर बसलं की सीट खाली जाते. उताराला सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची आणि नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर. एका फाट्यावर पाटी बघायची राहिली आणि मी दुसरीतून थेट तिसरीत गेले. तिथे वाटेत आडवं एक मूळ होतं, टायर घासून घासून हाडासारखं गुळगुळीत झालेलं, वर ओलं. मी नेमकं त्याच्याकडेच बघितलं. पुढचं चाक सरकलं आणि मी बाजूच्या नेच्यात. पानं खालून चक्क चांदीची असतात, पडल्या पडल्या नाकासमोर तीच दिसली. माओरी लोक रात्री वाट सापडावी म्हणून ती उलटी टाकत जायचे म्हणे.

आता इथली एक गंमत. जंगलात तुम्ही नुसते थांबलात, अगदी पाणी प्यायला, तरी मागून येणारा प्रत्येक माणूस वेग कमी करून विचारतो, ‘ऑल गुड?’ आपणही ‘ऑल गुड’ म्हणायचं, की तो जातो. नाही म्हटलं तर सायकल टाकून उतरतो. उत्तरच दिलं नाही तरी उतरतो. मी बुटाची लेस बांधत होते तेवढ्यात चौघांनी विचारलं. पहिल्याला मी लेस सुटल्याचं सविस्तर सांगायला लागले, तो बिचारा ऐकत उभा. नंतर कळलं, तेवढं सांगायचं नसतं. नेच्यात पडले होते तेव्हा एक आजोबा थांबले. आजोबा म्हणजे बाबांपेक्षा मोठे, सायकलवर! त्यांनाही मी ‘ऑल गुड’च म्हटलं.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. साप: या देशात नाहीतच. हेल्मेट: १९९४ पासून कायद्याने सक्तीचं, रस्त्यावरसुद्धा. दवाखान्याचा खर्च: अपघात झाला तर कोणाची चूक ते न बघता बराचसा खर्च सरकारी योजनेतून होतो, १९७४ पासून. मला तेवढं काही लागलं नव्हतं. ‘मुलीच्या जातीला’ वगैरे आत्या म्हणाली, त्यावर मी काही लिहीत नाही.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे साठ हजार पाठवलेत. यंदा पाऊस आधीच आला, म्हणजे माझे पैसे उशिरा पोचले हे मला कळतंय. सायकलच्या भाड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन मी येईपर्यंत लांबवू नकोस. दादा आहे, वहिनी आहे. गणपतीला येणं जमेलसं दिसत नाही. तिकिटांचं बघते म्हणाले होते, पण खरं सांगायचं तर बघितलीच नाहीत.

कोल्हापूरच्या स्थळाचं म्हणशील तर मुलाशी एकदा बोलेन, बस. त्या लोकांना सायकलचं सांगू नको म्हणालीस. नको सांगूस, मीच सांगेन.

तुमची,
छकुली

ता. क. कालपासून कोपर पूर्ण वाकतंय.