किनाऱ्याची वाट खुली राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलिबाग तालुक्यातील मांडवा, सासवणे, आवास, किहीम या किनाऱ्यावरच्या गावांत मुंबईतील धनाढ्य कुटुंबांनी बंगले बांधले असून, गर्दी आणि गाजावाजा नको असलेल्या पाहुण्यांना त्यांतील अनेक बंगले मोठ्या भाड्याने दिले जातात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडीसह येणे सोपे झाले आहे.

पाहुण्यांच्या एकांताला माझा विरोध नाही. माळीकाम, स्वयंपाक, देखरेख यांतून गावातील अनेक घरे चालतात. परंतु त्या एकांतासाठी कुंपण थेट वाळूपर्यंत नेले जाते आणि कोळी बांधव पिढ्यानपिढ्या ज्या वाटेने समुद्रावर जात आले ती वाट बंद होते, हे कदापि मान्य होण्यासारखे नाही. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा कोणाच्याही खासगी मालकीचा नसतो. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणारी किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ पासून लागू असूनही, किहीम येथील नीरव मोदी याचा बेकायदा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला जाण्यापूर्वी उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला ते हेच किहीम, याचे फार वाईट वाटते.

जिल्हा प्रशासनाने गावनकाशावरील किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा मोजून तेथे फलक लावावेत, आणि भाड्याच्या बंगल्यांची ग्रामपंचायतीकडे नोंद सक्तीची करावी, ही विनंती.

एक वाचक, अलिबाग