समुद्र डाव्या हाताला ठेव

प्रिय मनू,

तू काल ग्रुपवर तुझ्या पुणे-गोवा मोटरसायकलच्या ट्रिपसाठी ती मॅपची लिंक टाकलीस आणि खाली लिहिलंस "आई बाबा कुठला रूट घेऊ सांगा पटकन", आणि बाबांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं की हायवेने जा हायवेने ये, रस्ता मस्त आहे, एका दिवसात घरी. मी काही बोलले नाही कारण भाजी फोडणीला होती. आता सगळं आवरून बसलेय, तर नीट वाच, मध्येच स्क्रोल करू नकोस.

जाताना बाबांचं ऐक. पुण्याहून कोल्हापूर हायवेने सरळ जा, तिथे बघण्यासारखं ट्रकशिवाय काही नाही. कोल्हापूरला पोटभर खा, झोप काढ, दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा करत आंबोली उतर. घाट बरेच आहेत, गगनबावड्याने उतरता येतं, राधानगरीवरून फोंडा आहे, रत्नागिरीला जायचं तर आंबा आहे, पण गोव्याला जाणाऱ्याला आंबोलीच सोयीची, झाडी दाट आणि खाली उतरलं की सावंतवाडी. इतकंच. जाण्याचा भाग संपला.

येताना मात्र माझं ऐकायचं. येताना किनाऱ्याने ये. म्हणजे दक्षिणेकडून वर. तू म्हणशील काय फरक पडतो, तोच रस्ता, जाताना केला काय आणि येताना केला काय. पडतो गं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. खाली जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे तुझ्या आणि समुद्राच्या मध्ये समोरून येणारा डंपर. थांबायचं झालं तर रस्ता क्रॉस करा, वळणावर तर शक्यच नाही, मग माणूस म्हणतो जाऊदे पुढे थांबू. वर येताना समुद्र डाव्या हाताला, तुझ्याच बाजूला, वाटलं की इंडिकेटर द्यायचा आणि कडेला घ्यायची. शिवाय डिसेंबर-जानेवारीत ऊन दक्षिणेकडून येतं, दिवसभर पाठीवर राहील, डोळ्यात जाणार नाही.

हे मला कुणी सांगितलं नाही, मी भोगलंय. जानेवारी ९८, आमचं नवीन लग्न. त्याच महिन्यात कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्ण सुरू झाली, घरातला प्रत्येक जण सांगत होता की रेल्वेने जा, आणि तुझ्या बाबांना येझदी मोटरसायकलच न्यायची होती. मी गुहागरची, मला समुद्राचं काय नवल, पण आपल्या गावचा सोडून दुसऱ्यांचा समुद्र कधी बघितला नव्हता. तर वरंध घाटाने उतरलो, महाड, मंडणगड करत आंजर्ल्याला आलो आणि तिथून खाली. मी नऊवारी नाही पण पाचवारी नेसून, कारण वाटेत देवळं, आणि सासूबाईंनी बॅग भरलेली. साडीत गाडीवर कसं बसतात? एका बाजूला, पाय डावीकडे, तोंड डावीकडे. आणि समुद्र कुठे? उजवीकडे. आंजर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत मी समुद्राकडे पाठ करून गेले मनू. कोकणची किनारपट्टी म्हणून मी काय बघितलं तर जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, काजू, वाळत घातलेली जाळी आणि शेणी थापलेल्या भिंती. वाटेत गुहागरला माहेरी मुक्काम झाला तर आजी विचारते, काय काय बघितलंत? मी म्हटलं ह्यांनी समुद्र बघितला, मी डोंगर.

रत्नागिरीला पोचल्यावर मी बाजारात जाऊन पंजाबी ड्रेस घेतला. दोनशे पासष्ट रुपये, माझ्या हिशेबाच्या वहीत आहे अजून. पिस्ता रंगाचा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि मान उजवीकडे वळवली.

असो. तुझा रस्ता सांगते. गोव्यातून निघालीस की किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, मग शिरोडा. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता, दांडी सगळ्यांना माहिती असते हे नसतं. मग वेंगुर्ला, परुळे, मालवण. पहिला मुक्काम मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं तर सकाळच्या पहिल्या होडीने, नंतर गर्दी होते.

मालवणपासून पुढे मॅपवर विश्वास ठेवू नकोस. मॅपला किनारा कळत नाही, त्याला वेळ कळतो, तो तुला दर थोड्या वेळाने उजवीकडे वळवून मुंबई-गोवा हायवेला नेऊन सोडेल. एकदम रत्नागिरी टाकू नकोस, गाव गाव टाक. आचरा, मग मिठबाव, मग कुणकेश्वर, मग देवगड, विजयदुर्ग, जैतापूर. जैतापूरच्या खाडीवर पूल आहे, पुढे नाटे, आडिवरे, कशेळी. कशेळीला कनकादित्याचं देऊळ, सूर्याचं, आपल्याकडे सूर्याची देवळं किती कमी आहेत ते तुला माहितीच आहे, आत जाऊन ये. मग गावखडी, पूर्णगड, पावस आणि रत्नागिरी. हा दिवस मोठा आहे. किलोमीटर बघून हसशील पण सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढा, खाडीला उतरा, परत चढा, असं दिवसभर चालतं, ताशी तीसच्या वर सरासरी पडत नाही. मुक्काम मध्येच देवगडला केलास तरी चालेल, जानेवारीत हापूसला मोहोर असतो, संध्याकाळी वास येतो रस्त्यावर.

आणि पेट्रोल मोठ्या गावात टाकी फुल्ल करत जायचं, मधल्या गावांत पंप असेलच असं नाही.

रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने. ते सगळे रील टाकतात तोच रस्ता, आहेच तसा, मी काय वेगळं सांगू. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तुला आवडेल, बाबांना आत कंटाळा आला होता. मग जयगड, आणि इथून खाड्यांचा खेळ सुरू.

तीन फेरीबोटी आहेत तुझ्या वाटेवर. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ आणि वेसवी ते बागमांडला. शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री, तीन नद्या. बाबा म्हणतील बोटीसाठी कशाला थांबायचं, फिरून जा. दाभोळची खाडी फिरून जायची म्हणजे गुहागरहून चिपळूण, खेड, दापोली, शंभराच्या वर किलोमीटर, आणि बोटीत बसलीस तर समोरचा काठ दिसत असतो. बोटीच्या वेळा मामाला आदल्या दिवशी विचारून घे, आणि सुटे पैसे ठेव, तिथे रेंज नसली की तुझं ते स्कॅन चालत नाही.

आता बोटीचं एक नीट लक्षात ठेव. ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि खालचा भाग हिरवा असतो, शेवाळ. तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा, दोन्ही पाय खाली सोडून हळू. मागे मैत्रीण बसली असेल तर तिला आधीच उतरव. मी कशी शिकले सांगते. तेव्हा दाभोळला आताची मोठी बोट नव्हती, गाड्या-बिड्या जातील अशी, होडीत फळी टाकून चार माणसं मोटरसायकल चढवायची. पलीकडे एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचं बांधकाम चाललेलं, नुसत्या क्रेन. उतारावर गाडीचं मागचं चाक सरकलं, बाबा ओरडले "उतर उतर", मी डावीकडे उडी मारली, आणि येझदीला दोन्ही बाजूला सायलेन्सर असतात. डाव्या पोटरीवर ती जी खूण आहे ना, जी तू लहानपणी विचारायचीस पान आहे का म्हणून, ती दाभोळची. एका कोळणीने टोपलीतला बर्फ काढून लावला, माशांचा बर्फ. पुढे दोन दिवस बाबा म्हणत होते सुरमईचा वास येतोय.

भरती ओहोटी ओळखायला ॲप आहेत म्हणे, पण आजीचा हिशेब ऐकून ठेव. तिथी धरायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरा मिनिटं अर्धा तास इकडे तिकडे होतं पण फसत नाही. हे फक्त बोटीसाठी नाही, तवसाळ उतरून गुहागरकडे येताना हेदवी लागते, तिथे बामणघळ आहे, खडकातली चीर, भरतीचं पाणी आत घुसतं आणि वर उडतं. ओहोटीला गेलीस तर नुसती भेग दिसेल आणि म्हणशील आईने काहीही सांगितलं. तेव्हा तिथी बघून जा.

गुहागरला मामाकडे दोन रात्री. एक नाही, दोन. मामी आत्ताच विचारतेय मोदक उकडीचे की तळणीचे. गाडीची चेन तिथे साफ कर, खाऱ्या हवेने गंज धरतो, नुसती पाण्याने धुऊन सोडू नकोस, कोरडी करून तेल लाव.

पुढे दाभोळहून कोळथरेच्या बाजूने मुरुड, हर्णै. इथे एक घोटाळा होतो, मुरुड दोन आहेत, एक हे दापोलीचं आणि एक रायगडमधलं जंजिऱ्याचं, मॅपला नुसतं मुरुड विचारलंस तर कुठलं देईल सांगता येत नाही. हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो, वाळूवरच, बैलगाड्या पाण्यात, समोर सुवर्णदुर्ग. चपला घाल, बूट नको. तिथून आंजर्ले, केळशी, वेळास. वेळासला कासवं, पण पिल्लं सोडतात ती फेब्रुवारीच्या पुढे, तू तोवर परत आलेली असशील, तरी गाव बघ, नाना फडणवीसांचं गाव. मग वेसवीची बोट, हरिहरेश्वर, श्रीवर्धन. श्रीवर्धनहून दिवेआगरला शेखाडीवरून जायचं, आतल्या रस्त्याने नाही. शेखाडीच्या रस्त्याला समुद्र इतका लागून आहे की भरतीला शिंतोडे येतात. आणि तो तुझ्या डाव्या हाताला असेल, परत सांगते.

दिवेआगरहून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, पुणे. ताम्हिणी उजेडात चढायची. शनिवार रविवार नको, तिथे गाड्या कशा हाकतात बघितलंस ना मागच्या वेळी.

आता माझं एक काम. मालवण सोडून कुणकेश्वरला आलीस, देऊळ बघितलंस, समुद्राच्या अगदी तोंडावर आहे, की देवगडकडे जाताना चढ लागतो. त्या चढावर एक वळण होतं, कडेला गडगा आणि एक वाकडं काजूचं झाड. आम्ही वरून खाली येत होतो, मी नवीन ड्रेसमध्ये, पहिल्यांदाच समोर बघत बसलेली, आणि वळणावर एकदम खाली अख्खा किनारा दिसला, देऊळ एवढंसं, आणि लाटांच्या रेषा इकडून तिकडे एका वेळी चालत येणाऱ्या, सात-आठ तरी असतील एकामागे एक. मी बाबांच्या खांद्यावर थाप मारली, थांबा थांबा. ते म्हणाले येताना थांबू. येताना सुट्टी संपली म्हणून मुंबई-गोवा हायवेने आलो, तेव्हाचा सतरा नंबर. त्यानंतर तू झालीस, मग कर्ज, मग गाडी विकली. कोकणात दरवर्षी जातो पण गुहागरच्या खाली काही जाणं झालं नाही.

तू खालून वर येणार म्हणजे ते वळण तुझ्या बाजूला येईल. झाड आता नसेलही, रस्ता रुंद केला असेल. पण चढ तोच असणार. थांब तिथे. गाडी बंद कर, हेल्मेट काढ, आणि रेषा मोजून सांग मला किती होत्या. फोटो नको, फोटोत त्या रेषा येत नाहीत.

मालवणहून कोकम आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, दोन बाटल्या आण. झाकणाला आधी प्लास्टिक, मग रबर, मग पिशवी, आणि बॅगेत उभी ठेव. आमची सांडली होती, ड्रेसवर. डाग गेलाच नाही.

तुझी,
आई

ता.क. हे बाबांना वाचून दाखवलं. ते मला म्हणतायत की त्या कुणकेश्वरच्या उतारावर मागचे ब्रेक शू संपले होते, गाडी थांबलीच नसती, तू घाबरशील म्हणून बोललो नाही. मनू, हे कारण मी आज पहिल्यांदा ऐकतेय. निघायच्या आधी ब्रेक दाखवून घे.